पिरॅमिड स्कीम कशी चालते आणि शिकलेली माणसंही त्यात कशी अडकतात?

मी बी.एस्सी. आहे, गुणाकार येतो, तरी अडकलो. म्हणून उत्तर देतोय.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, वस्ती जेमतेम 1800. कापसाचे चुकारे नुकतेच हाती आले होते. साडभाऊ घरी आला, सोबत टाय लावलेला एक जण. आमच्या ओसरीत टाय लावून बसलेला तो पहिलाच माणूस असावा. त्यानं वहीत एक गोल काढला, खाली दोन, त्याखाली चार. "दोन मान्सं जोडा भाऊ, मंग झोपून राहा. पैसा येत राह्यते." साडेसात हजार भरले. बदल्यात सफारीचं कापड मिळालं, बाजारात कोणी हजारालाही घेतलं नसतं असं.

चौथ्या ओळीत पान संपलं म्हणून तो थांबला. पुढचे गोल मी काढायला हवे होते. 1, 2, 4, 8 करत अकराव्या ओळीपर्यंत 2047 माणसं लागतात. आमचं गाव तान्ह्या पोरांसकट त्याआधीच संपतं. त्यातले 1024 एकट्या शेवटच्या ओळीत, आणि त्यांच्या खाली कोणीच नाही. वरच्यांचं कमिशन येतं ते याच खालच्यांनी भरलेल्या पैशातून, कापड विकून नाही. त्यात लेफ्ट-राइट जोडी, म्हणजे आपल्या खाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक माणूस, जुळल्याशिवाय चेक निघत नाही. माझ्या लेफ्टला साळा होता, राइट शेवटपर्यंत रिकामी.

हाव होतीच, नाही म्हणत नाही. पण साडभावाला दारातून परत कसं पाठवायचं? आणि साळ्याला खाली लावल्यावर आपण फसलो हे बोलायचं कोणत्या तोंडानं? मी तर दुसऱ्याच्या चेकची झेरॉक्स दाखवत तीन आठवडी बाजार हिंडलो. अशा योजनांवर 1978 च्या कायद्यानं बंदी आहे आणि नुसतं सभासद होणंही त्यात गुन्हा आहे, हे मला फार उशिरा कळलं. 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिडला मनाई आहे.

तुम्हाला कोणी प्लॅन दाखवत असेल तर एकच विचारा: मी एकही माणूस जोडला नाही, फक्त माल विकला, तर महिन्याला किती सुटतील? आमच्या टायवाल्याला हे कोणी विचारलं नाही.

साळ्याचे पैसे पुढच्या वर्षी तुरीवर फेडले. कापड अजून पेटीत आहे, शिवायला टाकावंसं वाटलं नाही.