युझु, फिंगर लाइम, बर्गमॉट: भाव फळाला की बाटलीला?

श्रीगोंदा तालुक्यातल्या आपल्या एका सदस्याने विचारलंय की कागदी लिंबाची दोन एकर बाग काढून तिथं जपानी युझु आणि ऑस्ट्रेलियाचं फिंगर लाइम ही लिंबूवर्गीय फळं लावावी का. महाळुंगाचंही विचारलंय आणि बागेतली काही झाडं मेल्याचं लिहिलंय. सोबत तीन गोष्टी जोडल्यात. एक व्हिडिओ, ज्यात फिंगर लाइमचा भाव किलोला हजारांत सांगितलाय. आणि एका 'बाजार अहवाला'चं पान, ज्यात या फळांची जागतिक मागणी दरवर्षी अमुक टक्क्यांनी वाढणार असं छापलंय. शिवाय एका नर्सरीची युझुच्या रोपांची जाहिरात. तिन्ही पाहिलं.

आधी उत्तर देऊन टाकतो: बाग काढू नका. कारणं आता सविस्तर सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलं की लोक नर्सरीवाल्याला फोन लावतात.

अहवालापासून सुरू करू. देशोदेशीच्या व्यापारात प्रत्येक मालाला कस्टमचा सहा आकडी कोड असतो. मोसंबी 080510, नागपुरीसारखं संत्रं 080521, ग्रेपफ्रूट आणि पपनस 080540, लिंबं 080550. राहिलेलं सगळं 080590, म्हणजे 'इतर'. युझु, बर्गमॉट, फिंगर लाइम, महाळुंग, सगळी याच एका पोत्यात. काही देश पुढे आणखी आकडे जोडून आपल्यापुरती फोड करतात, पण ती सर्वत्र सारखी नसल्यामुळे जगभराची बेरीज काही लागत नाही. त्यामुळे जागतिक युझु बाजार इतक्या कोटी डॉलरचा आणि एवढ्या टक्क्यांनी वाढणारा, असं कोणी दशांश चिन्हासकट सांगितलं तर तो अंदाज आहे एवढं ध्यानात ठेवा. असे अहवाल हजारो डॉलरला विकले जातात, त्यात वाढ दाखवणं आलंच.

मग या फळांना मागणी नाही का? आहे, आणि वाढतेय. पण ती कशाला आहे ते बघा.

युझु घ्या. जपानात जवळपास निम्मं युझु एकट्या कोची प्रांतात होतं. त्या प्रांतात उमाजी नावाचं हजाराच्या आतल्या वस्तीचं डोंगरी गाव आहे. 96 टक्के जमीन जंगलाची, पोट इमारती लाकडावर. लाकडाचा धंदा बसला तेव्हा हाताशी उरलं ते युझु, तेही डागाळलेलं, वेडंवाकडं, ताज्या फळाच्या बाजारात कोणी न विचारणारं. तिथल्या सहकारी संस्थेनं ताज्या फळाचा नादच सोडला. रस काढला, सोया सॉसमध्ये घालून पोन्झु केलं, 1988 मध्ये मध घातलेलं 'गोक्कुन उमाजीमुरा' नावाचं सरबत काढलं आणि ते टपालानं देशभर घरोघर पाठवलं. बाटलीवर गावाचं नाव, जाहिरातीत गावातलीच पोरं. रस निघाल्यावर सालीचं तेल, बियांचं सौंदर्यप्रसाधन, चोथ्याचं खत. आज आपण 'युझुचा जागतिक बाजार' म्हणतो तो बहुतांशी असाच आहे: बाटलीतला रस, मिरचीबरोबर कुटलेली साल, सॉस, आणि कोरियात साखरेत किंवा मधात मुरवलेल्या चकत्या, ज्या चहा म्हणून गरम पाण्यात घालतात. कोरियातला गोहुंग तालुका त्यासाठी प्रसिद्ध आहे.

ताज्या युझुची परदेशी वाट फार अरुंद. अमेरिकेत जपानचं ताजं युझु नेताच येत नाही, रोग-किडींच्या भीतीनं बंदी आहे. युरोपात जातं, पण नोंदणी झालेल्या, तपासणी झालेल्या बागांतूनच. म्हणून तिथं एका फळाला जो भाव दिसतो तो तुटवड्याचा आहे. आणि तो तुटवडाही कमी होतोय, कारण स्पेनच्या वॅलेन्सिया भागात आणि कॅलिफोर्नियात लागवडी उभ्या राहिल्यात. युरोपातल्या शेफला स्पेनचं फळ तोडल्यावर दोन दिवसांत मिळतं. तुमच्या शेतातून निघालेलं फळ मुंबई विमानतळावरच तेवढा वेळ काढेल.

हवामानाचंही बघा. युझु हे थंडी मागणारं झाड, शून्याखाली आठ-नऊ अंशही सोसतं. लिंबूवर्गीय फळाच्या सालीला रंग चढायला थंड रात्री लागतात. श्रीगोंद्याच्या एप्रिल-मेमध्ये त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. बियाचं झाड लावलं तर फळायला जपानी लोकच अठरा वर्षं सांगतात, म्हणजे दीड तप. कलम लवकर येतं, पण खात्रीचं कलम इथं आणणार कुठून, त्याकडे येतोच.

फिंगर लाइम. क्वीन्सलंडचा दक्षिण भाग आणि न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग, तिथल्या पावसाळी जंगलातलं हे काटेरी झुडूप. बोटाएवढं फळ. आडवं कापून दाबलं की आतून मोत्यासारखे टणक दाणे सुटे होऊन बाहेर येतात, हिरवे, गुलाबी, पिवळे, आणि दाताखाली टचकन फुटतात. माशांच्या अंड्यांसारखं दिसतं म्हणून बड्या हॉटेलांत त्याला मान. पण तोडणी पूर्ण हातानं, काट्यांतून, फळ झाडावरच तयार झालेलं लागतं, नंतर पिकत नाही. वाऱ्यानं काटा घासला की सालीवर ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे दुसरा नंबर.

वाशीच्या बाजारातून हॉटेलांना परदेशी भाजी-फळं पोचवण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे या मालाचा ग्राहक कसा असतो ते सांगू शकतो. एका मोठ्या हॉटेलच्या शेफनं हौसेनं फिंगर लाइम मागवलं. मागणी किती? आठवड्याला एक छोटी डबी. कालव्यांच्या ताटलीवर सहा दाणे ठेवले की त्याचं काम झालं. मेन्यू बदलला, डबी बंद. किलोचा भाव हजारांत होता हे खरंच, पण किलो कोणी घेत नव्हतं. दोन एकरांतून जे टनावारी निघेल ते अशा किती शेफांच्या गळ्यात मारणार?

गंमत म्हणजे फिंगर लाइमची खरी किंमत कदाचित खाण्यात नसून झाडात आहे. ग्रीनिंग या लिंबूवर्गीय झाडांच्या जिवाणूजन्य रोगानं फ्लोरिडाची काय दशा केली ते माहीत असेलच. 2005 मध्ये रोग सापडला. त्याआधी 2003-04 च्या हंगामात तिथं संत्र्याच्या 24 कोटींहून जास्त पेट्या निघत होत्या, 2022-23 मध्ये त्या 2 कोटींच्याही खाली आल्या. फिंगर लाइमला हा रोग फारसा बाधत नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातलाच एक प्रथिनाचा तुकडा या रोगाच्या जिवाणूवर चालतो असं दाखवलं. नागपूर-अमरावतीच्या संत्रा बागायतदारांनी या फळाकडे लक्ष ठेवायचं ते या कारणासाठी.

आता बर्गमॉट, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा धडा तिथं आहे. इटलीच्या बुटाचं जे टोक, ते कॅलाब्रिया. त्यातल्या रेज्जोजवळच्या समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात जगातलं बहुतेक बर्गमॉट पिकतं. फळ आंबट-कडू, पण सालीत तेल असं की अर्ल ग्रे चहाचा वास त्याचाच आणि अठराव्या शतकापासूनच्या कोलोन अत्तरांचा पायाही तोच. पूर्वी कामगार अर्ध्या सालीचा भाग स्पंजावर दाबून तेल टिपत, 1844 मध्ये निकोला बारिल्ला यांनी त्याचं यंत्र केलं. साधारण दोनशे किलो फळांतून एक किलो तेल. पण या तेलातले मुख्य घटक, लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट, कारखान्यात स्वस्तात बनवता येतात. विसाव्या शतकात ते बनू लागले, भेसळ माजली आणि अस्सल तेलाचा भाव पडला. त्यात बर्गमॉटमधल्या एका घटकामुळे अत्तर लावलेल्या कातडीवर उन्हात डाग पडतात हे पुढे आलं आणि तो घटक काढलेलं तेल मागितलं जाऊ लागलं. शेतकऱ्यांनी बागा तोडल्या. नंतर गाडी रुळावर आली ती लागवड वाढवून नव्हे. 2001 मध्ये त्या तेलाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, तेलाची तपासणी कडक झाली, आणि कोलेस्टेरॉलच्या चर्चेमुळे रसालाही गिऱ्हाईक लाभलं, जो रस पूर्वी तेलामागचा दुय्यम माल होता.

याच्या उलट उदाहरण चीनच्या पिंगहे तालुक्यातल्या मध-पपनसाचं. चाललं म्हणून सगळ्यांनी लावलं, डोंगरच्या डोंगर भरले, आणि अलीकडच्या काही हंगामांत भाव इतका घसरला की फळ तोडणं परवडेना. व्हिएतनामनं बाजार पसरवला. वाटाघाटी करून 2022 च्या अखेरीस अमेरिकेचं दार पपनसासाठी उघडून घेतलं. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलं की काय होतं ते आपल्याकडेही दिसलंच: बांगलादेशानं आयात शुल्क वर्षागणिक चढवत 2023 मध्ये किलोमागे 88 रुपयांवर नेलं आणि नागपुरी संत्र्याची निर्यात आडवी झाली.

आता रोपांबद्दल. 'ओरिजिनल जपानी युझु, दोन वर्षांत फळ' अशी जाहिरात तुम्ही पाठवलीत. परदेशातून लिंबूवर्गीय रोपं किंवा डोळकाड्या (कलमाच्या काड्या) आणायच्या तर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि आल्यावर रोपं ठरावीक काळ निगराणीत ठेवावी लागतात. हे कागद त्या नर्सरीकडे मागा. 'आमच्या साहेबांनी स्वतः आणलंय' हे उत्तर आलं तर समजून जा. चोरून आणलेल्या काडीबरोबर रोग आला तर तो तुमच्या बांधावर थांबणार नाही.

मग दुर्मीळ लिंबूवर्गीय फळांत आपल्यासाठी काहीच नाही का? मला एक वाट खरी वाटते आणि ती तुमच्या शेतात आधीच उभी आहे.

युरोप-अमेरिकेला जे हिरवं लिंबू जातं ते ताहिती जातीचं: बिनबियांचं, मोठं, टिकाऊ, मेक्सिको आणि ब्राझीलचं. आपलं कागदी त्या शर्यतीत नाही. साल पातळ, बिया भरपूर, वर खैऱ्या रोगाचे ठिपके, जे युरोपच्या तपासणीत चालतच नाहीत. पण हेच कागदी लिंबू आखातात वाळवून खातात. ओमान आणि अमिरातीत लूमी, इराकमध्ये नूमी बसरा, इराणात लिमू ओमानी. मिठाच्या पाण्यात काही मिनिटं उकळायचं, मग आतला गर काळा पडून फळ हलकं होईपर्यंत, हलवलं तर खुळखुळेपर्यंत वाळवायचं. मटणात, भातात, आमटीसारख्या रश्शात ते भोक पाडून सोडतात. आंबट, किंचित कडू, धुरकट अशी चव येते. पार ग्वातेमालाहून हा माल आखातात येतो. आता लंडन-न्यूयॉर्कच्या शेफांनाही 'ब्लॅक लाइम' पावडर हवी असते.

तुमचा हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचा, उन्हाळ्यात पैसे देतो, तो ताजाच विका. 2022 च्या एप्रिलमध्ये किरकोळ भाव किलोला दोनशेच्या वर गेला होता, अशा वेळी वाळवणारा वेडा. प्रश्न आंबे बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा), जो ऐन पावसाळ्यात येतो आणि तोडणी-हमालीही सुटत नाही. लिंबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे वाळलेल्या किलोला आठ-दहा किलो ताजं फळ लागणार. ताजं आठ रुपयांनी जात असेल तर कच्चा माल साधारण पासष्ट ते ऐंशी रुपयांचा. वर मीठ, जळण, मजुरी, वीज. इथं अडचण अशी की ओमानला ऊन फुकट आहे आणि आपला माल नेमका पावसात येतो. उघड्यावर घातलं तर चार दिवसांत बुरशी. त्यामुळे ड्रायर लागणार, आणि एकट्यानं घेण्याइतकं हे गणित मोठं नाही. गावात कांदा किंवा भाजी वाळवणारी शेतकरी कंपनी असेल तर त्यांचं यंत्र पावसाळ्यात रिकामं असतं का, ते आधी विचारा. पहिल्या वर्षी एक-दोन क्विंटल ताजं वाळवून बघा. नमुना वाशी किंवा मशीद बंदरच्या मसाला व्यापाऱ्याला दाखवा. आखातात माल पाठवणारे तिथंच बसतात.

महाळुंगाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं हे फळ. परदेशात त्याची जाड साल साखरेत मुरवून केकमध्ये जाते, आणि ज्यू लोकांच्या सुक्कोत सणाला निर्दोष फळाला मोठी किंमत येते. पण त्या सणाच्या फळाला धर्माचे नियम आहेत, झाड कलमी चालत नाही, आणि कॅलाब्रिया, मोरोक्को, इस्रायल इथं पिढ्यान्‌पिढ्या बसलेले पुरवठादार आहेत. त्या बाजारात आपण शिरणार नाही. बांधावर चार झाडं लावा, लोणच्याला आणि पूजेला जातील.

आणि बागेत झाडं मेली आहेत म्हणालात, तिथं नवीन रोपं लावण्याआधी माती-पाण्याचा अहवाल इथं टाका. चुनखडी आणि क्षार जास्त असतील तर जंबेरीऐवजी रंगपूर खुंटाचा (ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या झाडाचा) विचार करू. मेलेल्या झाडांच्या बुंध्याशी डिंक (डिंक्या रोगाची खूण) होता का, तेही लिहा.