पंचशील आणि महिनाअखेरचं टार्गेट

उत्तर नागपुरातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. नाव, पत्ता आणि बँकेचं नाव गाळून त्यातला मुख्य भाग देतो.

"मुलगा 26 वर्षांचा आहे. बी.कॉम., मग एमबीए फायनान्स. एका खासगी बँकेत रिलेशनशिप ऑफिसर आहे. हिवाळ्यात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आला, तेव्हापासून एकच म्हणून राहिला, की सकाळी विहारात चौथं शील, म्हणजे खोटं न बोलण्याचं, घेतो आणि अकरा वाजता काउंटरवर ते मोडतो. आता राजीनामा देऊन केंद्रावर पूर्णवेळ सेवा द्यायची म्हणतो. फ्लॅटचा हप्ता 16 हजार आहे, तो माझ्या पेन्शनीत बसत नाही. पंचशील त्याला मीच शिकवलं. पण धम्म धम्माच्या जागी अन् नोकरी नोकरीच्या जागी, एवढं त्याला कोणीतरी समजावून सांगा."

आदरणीय महोदय, सप्रेम जयभीम.

तुमचं शेवटचं वाक्य मी तुमच्या मुलाला सांगणार नाही. मला ते पटत नाही, आणि तुम्हालाही ते पुरतं पटलं असतं तर पत्र लिहायची वेळ आली नसती. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, अष्टांगिक मार्गाने चालेन, हे सगळं त्यांत आहे. 'कार्यालयीन वेळ सोडून' असं कुठेही म्हटलेलं नाही. अष्टांगिक मार्गात तर सम्यक आजीविका हे स्वतंत्र अंगच आहे. माणूस पोट कसं भरतो हा धम्माच्या बाहेरचा प्रश्न नाही, हे तिथे सरळ सांगितलं आहे.

पण राजीनामा देऊन केंद्रावर जाऊन राहणं, हे मुलाचं म्हणणंही मला पटलेलं नाही. त्याकडे मी येतोच. त्याआधी तुम्ही पत्रात लिहिलेला कामठीच्या शिक्षिकेचा प्रसंग घेतो, कारण खरी गोम तिथे आहे.

कामठीहून एक निवृत्त शिक्षिका मुदत संपलेली पाच लाखांची ठेव पुन्हा ठेवायला शाखेत आल्या. व्यवस्थापकाने तुमच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट, असं सांग." कागद विमा पॉलिसीचे होते. हप्ता वर्षाला एक लाख, तोही दहा वर्षं. बाईंना वाटलं, एकदाच भरायचे आहेत. मुलाने सही घेतली. रात्री झोप लागली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना फोन करून सांगितलं, की पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. विमा नियामकाने दिलेली ही मुदत आहे. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. बाईंनी पॉलिसी परत केली. शाखेत मुलाची खरडपट्टी निघाली, आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला.

या प्रसंगात तुमचा मुलगा एकदा चुकला आणि एकदा बरोबर वागला. पण मला दिसतं ते वेगळंच. विमा विकणं हे मुळात खोटं काम नाही. कमावत्या माणसाला साधा टर्म इन्शुरन्स घ्यायला लावणं हे मी पुण्याचंच काम समजतो. खोट लपलेली आहे ती इन्सेंटिव्हच्या पत्रकात. ज्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचं कमिशन जास्त, तिथे विकणाऱ्याचं लक्ष जाणार. एफडी पुन्हा ठेवून दिली तर शाखेच्या खात्यावर फारसं काही जमा होत नाही. समोरच्या बाईंना कागद जितका कमी समजेल तितका माझा महिना बरा जाईल, अशी ती रचना आहे. तिथे सकाळी कितीही वेळ ध्यानाला बसलं तरी अकरा वाजता तोच पेच समोर उभा राहणार.

म्हणून नोकरी निवडताना मी मुलांना एक प्रश्न विचारायला लावतो: माझा पगार कशावर ठरतो? ठरलेला भाग किती, टार्गेटवरचा किती, आणि टार्गेट पूर्ण व्हायला कुणाचं नुकसान व्हावं लागतं? मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं म्हणतात तेव्हा आपली पोरं "नो सर" म्हणून उठतात. तिथेच विचारायचं, की या पदावर मागच्या वर्षी सगळ्यांत जास्त इन्सेंटिव्ह मिळवणाऱ्या माणसाने नेमकं काय विकलं. उत्तर देताना समोरचा चाचरला की समजून घ्यायचं. माणसाची मूल्यं आणि त्याचं काम यांचं जमेल की नाही, हे कंपनीच्या भिंतीवर लावलेल्या सुविचारांपेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

आता केंद्रावरच्या सेवेबद्दल. मुलगा ज्या परंपरेत बसून आला, तिथे शिबिराची फी नसते, सगळं दानावर चालतं. तिथले आचार्यही शिकवण्याचं मानधन घेत नाहीत. म्हणजे त्यांनी आपला चरितार्थ दुसरीकडून चालवावा, अशीच तिथली अपेक्षा आहे. काही दिवस सेवा द्यावी, जरूर द्यावी. पण हप्ता भरायला तिथे करिअर नाही, आणि ते असू नये म्हणूनच तसा नियम ठेवलेला आहे.

या परंपरेचा इतिहास मुलाला ठाऊक नसेल तर मुद्दाम सांगा. सत्यनारायण गोयंका 1969 साली ही साधना भारतात घेऊन आले, त्याआधी ते ब्रह्मदेशात व्यापारी होते. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हेही गृहस्थ होते. सरकारी हिशेब सांभाळणाऱ्या महालेखाकार कार्यालयात ते कारकून म्हणून लागले आणि 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा ब्रह्मदेशाचे महालेखाकार झाले. त्यांनी कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवलं. नंतर त्यांच्याकडे शेतमालाच्या सरकारी खरेदी-विक्री मंडळाची जबाबदारी आली. भ्रष्टाचार आणि अनागोंदीने पोखरलेला तो कारभार त्यांनी ताळ्यावर आणला. माणूस फायलींमध्येच बसून राहिला आणि हिशेब चोख ठेवला, साधनाही तिथेच केली. तुमचा मुलगा कॉमर्सचा आहे. त्याच्यासाठी याहून जवळचं उदाहरण मला सापडत नाही.

महालेखाकारांचं एक कार्यालय आपल्या सिव्हिल लाइन्सलाही आहे. लेखापरीक्षण विभागातली पदं कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून भरली जातात: ऑडिटर, अकाउंटंट, असिस्टंट ऑडिट ऑफिसर. मुलाचं वय अजून परीक्षेत बसतं, पण पदागणिक वयाची अट वेगळी असते, तेव्हा चालू वर्षाची जाहिरात नीट वाचा. तुमचा ओढा बँक पीओच्या, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या, परीक्षेकडे असणार, हे मी न सांगता ओळखतो. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसची ती परीक्षा तीस वर्षांपर्यंत देता येते. ती जरूर द्यावी, पण सरकारी बँकेत विमा विकायचं टार्गेट नसतं या भ्रमात राहू नका. तिथे नोकरी पक्की असते, त्यामुळे नाही म्हणणं थोडं स्वस्त पडतं, इतकाच फरक.

खासगी क्षेत्रातच राहायचं असेल तर आधी त्याच बँकेत विक्रीतून बाहेर पडायचा अर्ज करावा. कर्ज मंजुरी, अंतर्गत तपासणी, केवायसी, शाखेचं ऑपरेशन्स, या कामांत चूक शोधणाऱ्या माणसाची किंमत असते. इन्सेंटिव्ह कमी होईल, त्याचा हिशेब हप्त्यासमोर मांडून बघा. लांबचा पल्ला म्हणून सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार हा मार्ग मला त्याच्यासाठी मनापासून आवडतो. हा सल्लागार फी थेट ग्राहकाकडून घेतो, वर विक्रीचं कमिशन त्याला घेता येत नाही. कामठीच्या बाईंना त्याने "एफडीच ठेवा" म्हटलं तर त्याचं काही बुडत नाही. त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्याच प्रशिक्षण संस्थेच्या एक्स-ए आणि एक्स-बी या दोन परीक्षा द्याव्या लागतात. नोकरी सांभाळून त्यांचा अभ्यास होतो. मात्र आपल्याकडे सल्ल्याचे पैसे मोजायची सवय लोकांना अजून लागलेली नाही, तेव्हा सुरुवातीची वर्षं कडकीची जातील हे धरून चाला.

एक धोकाही सांगतो. शिबिराहून आलेली मुलं कधीकधी सहकाऱ्यांकडे वरून बघायला लागतात. शेजारच्या टेबलावरचा पोरगा तेच खोटं बोलतो, पण त्याच्या घरी आजारी आई असते आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. तो भ्रष्ट आणि मी शीलवान, अशी विभागणी करणाऱ्याचा अहंकार घट्ट होतो, आणि ऑफिसात त्याला कोणी जवळ करत नाही. शब्दाला चिकटून चालायचं म्हटलं तर अडचणी अनंत आहेत. बुद्धाने उपासकाला न करण्याचे पाच व्यापार सांगितले, त्यांत पहिला शस्त्रांचा. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत उभा जन्म घालवून पोरांना शिकवणारी, दर पौर्णिमेला विहारात जाणारी माणसं आपल्या शहरात आहेत. त्यांना कोण आणि कुठल्या तोंडाने पापी ठरवणार? मी तरी ठरवणार नाही. कोणती रेघ ओलांडायची नाही हे ज्याने त्याने ठरवावं, आणि ती आधी स्वतःसाठी ओढावी.

उलट बाजूचाही एक प्रकार हल्ली दिसतो, आणि त्याचा मला राग येतो. कंपनी वर्षातून एकदा ध्यानाचा वर्ग घेते, चटया अंथरते, सगळे डोळे मिटून बसतात आणि सोमवारी टार्गेट दहा टक्क्यांनी वाढलेलं असतं. ताण का येतो ते विचारायचं नाही, तो सहन करायला शिकायचं. मुलाच्या मनाला लागलेली टोचणी अशा वर्गाने बोथट होणार असेल, तर त्याने तिथे न बसलेलं बरं.

राजीनामा मात्र आज देऊ नका. दुसरी नोकरी हातात येईपर्यंत किंवा सहा महिन्यांच्या हप्त्याची सोय होईपर्यंत तिथेच राहावं. पण राहण्याची रीत बदलावी. ग्राहकासमोर पॉलिसीचं बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे किती भरायचं आणि किती मिळेल याचा तक्ता, ठेवायचं, हप्ता किती वर्षं भरायचा तो आकडा पेनाने गोल करायचा आणि मोठ्याने वाचून मगच सही घ्यायची. यात तो कोणताही नियम मोडत नाही, उलट नियमच पाळतो. तोंडी दबाव आला तर व्यवस्थापकाला साधा, नम्र ईमेल टाकायचा: "आपण सांगितल्याप्रमाणे हे उत्पादन ठेव म्हणून सांगायचं का, कृपया लेखी कळवावं." असं लेखी उत्तर सहसा येत नाही. विक्री घटेल, कदाचित मूल्यांकनात कमी श्रेणी मिळेल. ती किंमत घरात आधीच बोलून ठेवा, म्हणजे मार्चअखेरीला तुम्ही त्याच्यावर चिडणार नाही.

तुमच्याकडून एकच मागणं आहे. त्याने बाईंना फोन केला हे तुम्ही पत्रात तक्रारीसारखं लिहिलं आहे. त्या फोनबद्दल घरात कोणी त्याला शाबासकी दिली का, हे मला पत्रातून कळलं नाही. दिली नसेल तर द्या. इन्सेंटिव्ह गेल्याचं त्याला माहीत आहे, ते वेगळं सांगायची गरज नाही.

भेटायला यायचं असेल तर शनिवारी दुपारी या. येताना त्याची पगाराची स्लिप, इन्सेंटिव्हचं पत्रक आणि घरकर्जाचं स्टेटमेंट आणा. पहिला अर्धा तास मी त्याच्याशी एकट्याशी बोलेन, तोवर तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसावं लागेल.