शहरातला वन्यप्राणी पकडून जंगलात सोडणे त्याच्या हिताचे असते का?

वन्यप्राणी शहरात कसे रुळतात आणि त्यांना पकडून जंगलात सोडणेच योग्य नाही का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण दुसऱ्या भागावरून माझा आणि थोरल्या बंधूंचा वाद आजही मिटलेला नाही.

रुळणे म्हणजे मुख्यतः वेळ बदलणे. सस्तन प्राण्यांच्या 62 जातींवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एरवी दिवसा आणि रात्री सारखाच वावरणारा प्राणी माणसांच्या सान्निध्यात आपली 68 टक्के हालचाल रात्री उरकतो.

छत्रपती संभाजीनगरात हिमायत बागेजवळ आमचे माळवदाचे जुने घर आहे. त्याच्या तक्तपोशीवरच्या, म्हणजे लाकडी छतावरच्या पोकळीत एक उदमांजर राहत असे. गल्लीतल्या शेवटच्या दुकानाचे शटर पडल्याशिवाय ते बाहेर येत नसे. मग पावसाळी पाइपावरून कठड्यावर आणि तिथून केबलच्या तारेवरून बागेकडे, असा त्याचा ठरलेला रस्ता होता. सकाळी कठड्यावर सापडणाऱ्या विष्ठेत जूनमध्ये जांभळाच्या अख्ख्या बिया असत, तर हिवाळ्यात उंदरांचे केस. धान्याच्या कोठीतले उंदीर कमी झाल्याचे आईही सांगत असे. तरीही ‘मसण्याऊद (उदमांजराचेच दुसरे नाव) घरात नको’ म्हणून बंधूंनी कोणाकडून तरी पिंजरा लावून घेतला आणि ते जनावर गौताळ्याच्या जंगलात सोडून दिले. पुढच्याच हंगामात त्याच पाइपावरून उदमांजर उतरताना दिसले. तेच परत आले, असे बंधू आजही ठामपणे सांगतात; पण पहिल्याचा डावा कान फाटलेला होता आणि याचे दोन्ही कान धड होते. जागा, आडोसा आणि खाणे जिथल्या तिथे असेल तर रिकाम्या जागी दुसरा प्राणी येणारच. आणि ज्याला आपण उचलून नेले, त्याला मात्र अनोळखी रानात, दुसऱ्यांच्या हद्दीत, पाणी आणि निवारा नव्याने शोधावा लागतो.

ही केवळ माझी भावना नाही. जुन्नर भागात फेब्रुवारी 2001 पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून इतरत्र सोडले गेले, त्यानंतर तिथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. ‘जंगलात सोडले म्हणजे सुटले’ हा समज मला सर्वस्वी चुकीचा वाटतो, मग तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा का असेना.

अर्थात, भरवस्तीत अडकलेल्या बिबट्याची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर 2019 मध्ये आमच्याच शहरातल्या सिडको एन-1 या वसाहतीत शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करून न्यावेच लागले. शिवाय प्रत्येक प्राणी रुळतोच असे नाही. माळढोकाला मोकळे माळरानच लागते.

आपल्या घरात उदमांजर असेल, तर आधी आत पिल्ले नाहीत याची खात्री करून घ्यावी, ते रात्री बाहेर पडल्यावर भोक जाळीने बंद करावे आणि शंका वाटल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर विचारावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार परवानगीशिवाय पिंजरा लावणे हा गुन्हा आहे, हे मी बंधूंना तेव्हाही सांगितले होते.