जुन्या साड्यांची गोधडी हौस म्हणून मैत्रिणींबरोबर शिवायची आहे. सुरुवात कशी करावी?

आधी थोडक्यात सांगते. संच विकत घेऊ नका, पहिली गोधडी तान्ह्या बाळाच्या मापाची करा, आणि बाकी कधी जमलं नाही तरी अंथरायच्या दिवशी चौघी हजर राहा.

तुम्ही लिहिलंय की परदेशी पॅचवर्कचे व्हिडिओ बघून चौघींना हुक्की आली, शिलाई मशीन कुणालाच धड येत नाही, आणि गोल पात्याचा कटर, मॅट, पारदर्शक पट्टी असा जो महागडा संच मिळतो तो घ्यावा का? तो संच त्यांच्या पद्धतीसाठी योग्यच आहे. तिकडे छोटे तुकडे एकमेकांना जोडून आधी वरचं कापड तयार करतात, मग मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा थर, खाली अस्तर, आणि तिन्हींतून आरपार टाका. तुकडे जोडताना पाव इंचाची शिलाई धरतात आणि तिथे ढिलाई चालत नाही. एका ओळीत बारा तुकडे असले आणि प्रत्येक तुकडा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त राहिला तरी ओळ दीड इंचाने वाढते आणि शेजारच्या ओळीशी तिचं जमत नाही. म्हणून त्यांना कटर लागतो. (तो कटर तरी कधीचा? जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली आणलेला. त्याआधी पिढ्यान् पिढ्या त्या बायकाही कात्रीच चालवत होत्या.)

गोधडीत ही भानगड नाही. इथे तुकडा शेजारच्या तुकड्याला जोडत नाहीत, खालच्या अख्ख्या कापडावर ठेवतात. कड दुमडायची, नखाने मोडायची, तुकडा ठेवायचा, टाका घालायचा. तिरका गेला तर पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवायचा, झाकला जातो. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागातल्या सिद्दी बायका कवंद शिवतात तीही अशीच. या आफ्रिकी वंशाच्या लोकांपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून तिकडे गेले, आणि त्यांच्या घरात कोकणी बोलली जाते. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या एकावर एक ठेवून केलेली फुलं असतात, आणि ती लावल्याशिवाय कवंद पुरी झाली असं त्या मानत नाहीत. नेटवर फोटो जरूर बघा. रंगसंगतीचा धडा म्हणून मला ते परदेशी व्हिडिओंपेक्षा कितीतरी उजवे वाटतात, कारण त्यात काहीच मोजूनमापून केल्यासारखं दिसत नाही आणि तरी नजर हटत नाही.

आता कापड. सुती, वापरून मऊ झालेलं, जो काही रंग सुटायचा तो सुटून गेलेलं. सिंथेटिक साडी आत घातली की थर एकमेकांवरून सरकतात, सुई अडखळते, आणि अंगावर घेतल्यावर घाम शोषला जात नाही. नवीन कापड वापरायचंच असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि काळ्या रंगावर पांढरं ओलं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाद. जुनी साडी उजेडात धरून दोन्ही अंगठ्यांनी ताणायची. विरत असेल तर ती आतल्या थरात जाईल, वर नको. तुकडे शक्यतो कापू नका, टर्रकन फाडा. सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यातच फाटतं, त्यामुळे कड आपोआप सरळ येते. उरेबात, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला तुकडा मात्र ताणला जातो, तो नवशिक्यांनी टाळावा. फाडायचे ते पाच इंची चौकोन, म्हणजे कडा दुमडून चार इंच उरतात.

एक साडी किती पुरते? साडेपाच मीटरची, सव्वा वार पन्ह्याची सुती साडी मधोमध फाडून दोन्ही भाग शेजारी जोडले की साधारण नऊ फूट बाय साडेसात फुटांचं कापड होतं. म्हणजे मोठ्या गोधडीची एक बाजू एका साडीत निघते, वर पट्ट्यांनाही उरतं. बाळाच्या गोधडीला तर अर्धीही लागत नाही. आणि एक विनंती, पहिल्या खेपेला आईची किंवा आजीची शेवटची साडी काढू नका. हात भीत भीत चालतो आणि टाकाही तसाच पडतो. ती साडी कपाटात राहू दे, तिसऱ्या-चौथ्या गोधडीला काढा.

आता मैत्रिणींचा मुद्दा, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. सगळ्या जणी येऊन काय करणार, एकीच्या घरी बसून आपापलं शिवणार का? तसं नाही. गोधडीत एक काम असं आहे की ते एकटीने नीट होतच नाही, आणि ते म्हणजे अंथरणं. खालचं कापड फरशीवर उलटं पसरायचं, चार कोपऱ्यांना चौघींनी धरून एकाच वेळी हलकंसं ताणायचं आणि कडेने चिकटपट्टीने फरशीला डकवायचं. त्यावर आतले थर, प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सारत. मग वरचं कापड. मग मधून सुरुवात करून चारही दिशांना वीतभर अंतरावर कच्चे टाके. हे सगळं एकटीने करायला गेलं की एक कोपरा नीट होईस्तोवर दुसरा गोळा होतो. आत राहिलेली सुरकुती पुढे कितीही सुंदर टाका घातला तरी जात नाही. गावाकडे सुगी उरकल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आत वाकळा घालायला बसायचे त्या दुपारीही शेजारणींना हाक असायची ती पहिल्यांदा याच कामासाठी. टाके मग ज्याच्या त्याच्या सवडीने.

टाक्यांचा हिशोब ऐकून घाबरू नका. सात बाय साडेचार फुटांच्या गोधडीवर इंचाइंचावर उभा धावदोरा घातला तर चोपन्न ओळी होतात, म्हणजे जवळपास ११५ मीटर शिलाई. तीन बाय तीन फुटांच्या बाळाच्या गोधडीला तीच ३३ मीटर होते. म्हणून म्हणते, लहानापासून सुरू करा. पुरी झालेली एक गोधडी हातात आली की हुरूप येतो, अर्धवट मोठी माळ्यावर जाते. सुई लांब आणि बारीक घ्या. दाभण नको, त्याने पडलेलं भोक बुजत नाही. दोरा हातभरापेक्षा थोडा मोठा, त्याहून लांब घेतला तर गुंता होतो. मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतला तर पीळ बसत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच, चार पैसे वाचवून बोट भोसकून घेण्यात अर्थ नाही. गाठ वर ठेवायची नाही, हलका झटका देऊन थरांच्या आत ओढून घ्यायची.

चौघींचे चार हात वेगळे पडणार. एक घट्ट ओढते, एकीचा दोरा ढिला. घट्ट ओढणारीच्या बाजूला कापड आखडतं, म्हणून पाच-सहा ओळी झाल्या की जागा बदला. टाक्याच्या लांबीतला फरक मात्र तसाच राहू द्या, उसवून सारखा करायला जाऊ नका. मला तर तो आवडतो.

गोधडी कुणाची, हा प्रश्न आधीच मिटवा, पुढे त्यावरून रुसवेफुगवे होतात. सोपा उपाय म्हणजे भिशीसारखी पाळी लावायची. जिची पाळी तिच्या घरी बसायचं, कापड-दोरा तिचा, गोधडी तिची. चार गोधड्या पुऱ्या झाल्याशिवाय पाचवी मैत्रीण घ्यायची नाही. आणि जिच्या घरी बैठक तिने स्वयंपाकाचा घाट घालायचा नाही, हा नियम कडक ठेवा. भजी तळली की तेलाचे हात कापडाला लागतात, आणि हळदीचा डाग पांढऱ्या अस्तरावरून निघत नाही. चहा, तोही बाजूच्या खोलीत. बसताना सुया मोजून वाटायच्या, उठताना मोजून घ्यायच्या. बाळाच्या गोधडीला तर दोनदा.

थर किती, हे शेवटी धुण्यावर ठरवा. गावी घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर जायची, आणि भिजलेली वाकळ पिळायला दोघी लागायच्या. फ्लॅटमध्ये ती सोय नाही. वर एक, खाली एक आणि मध्ये दोन, एवढे थर असले तर गोधडी घरच्या मशीनमध्ये धुता येते. मध्ये चार-पाच घातलेत तर पाणी पिऊन ती इतकी जड होते की मशीन फिरत नाही, आणि सुईही आरपार जायला त्रास देते. वाळत घालताना दोरीवर टाकू नका, ओल्या वजनाने मधले टाके ताणून तुटतात. गच्चीच्या कठड्यावर पसरा आणि दुपारी एकदा पालटा.