लाउरींवरचा तुझा लेख वाचून

प्रिय दोस्ता,

आयर्लंडमधल्या टिपररीचे लोकप्रतिनिधी मायकेल लाउरी यांच्यावरचा तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण 'टिपररीच्या लोकांना भ्रष्टाचाराचं काहीच वाटत नाही' हे वाक्य आधी काढून टाक. तिथल्या एकाही मतदाराशी न बोलता ते लिहिलं आहेस.

आरोपांची बाजू तू चांगली मांडलीस. लाउरींची कंपनी डन्स स्टोअर्स या तिथल्या दुकानसाखळीतली रेफ्रिजरेशनची कामं करायची आणि होलीक्रॉस गावातल्या त्यांच्या घराच्या नूतनीकरणाचे सुमारे 3 लाख 95 हजार आयरिश पौंड त्याच डन्सकडून आले. नोव्हेंबर 1996 मध्ये हे छापून आलं नि मंत्रिपद गेलं. पुढे मात्र जपून. लाउरी मंत्री असताना देशातला दुसरा मोबाइल सेवेचा परवाना उद्योगपती डेनिस ओब्रायन यांच्या कंपनीला मिळण्यात त्यांचा हात होता, असं मॉरियार्टी चौकशी आयोगानं 2011 मध्ये म्हटलं. दोघांनीही ते नाकारलं. तो आयोगाचा निष्कर्ष, कोर्टाचा निकाल नव्हे. कोर्टानं दोषी ठरवलं ते 2018 मध्ये, कंपनीच्या कराच्या प्रकरणात. दंड 15 हजार युरो. तू दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं आहेस. असं लिहिलंस तर खरं असलेल्या भागावरचाही विश्वास उडतो.

आता तू टाळलेला भाग. 1997 मध्ये फिने गेल या आपल्या पक्षाबाहेर, अपक्ष उभे राहून लाउरी मतदारसंघात मतांत पहिले आले. (वराडकरांमुळे हा पक्ष आपल्याकडे ठाऊक आहे, तोच.) 2011 मध्ये डॉलनं, म्हणजे तिथल्या लोकसभेनं, ठराव करून त्यांचा राजीनामा मागितला, त्यांनी दिला नाही. 2024 मध्ये पुन्हा पहिले! तिथे मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितात, एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जातात. एकाच पक्षाचे दोघे एकमेकांची मतं खातात, म्हणून जो तो लोकांची कामं करत फिरतो. मोफत उपचारांचं मेडिकल कार्ड अडलं, घराची परवानगी रखडली, की माणूस प्रतिनिधीकडे जातो. हक्काच्या कागदासाठी असं कुणाच्या दारी जावं लागणं, माझ्या मते खरा विषय हा आहे.

तेव्हा टिपररीतल्या चार घरी फोन कर. त्यातली दोन लाउरींना मत न देणारी हवीत. सगळ्यांना एकच विचार: तुमचं कुठलं काम अडलं होतं आणि ते आधी कुणाकडे नेलं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घे. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका