दिलीपकुमार यांचे सर्वोत्तम दशक कोणते: पन्नासचे की ऐंशीचे?

दिलीपकुमार यांच्या कारकिर्दीत पन्नासचे दशक सर्वश्रेष्ठ मानले जाते ते योग्य आहे का, आणि ऐंशीच्या दशकातील त्यांच्या वडीलधाऱ्या भूमिकांना त्याच्या तुलनेत कोठे ठेवावे, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की पन्नासचे दशक श्रेष्ठ आहे, परंतु त्यासाठी नेहमी जे कारण दिले जाते ते मला पटत नाही. आणि ऐंशीच्या दशकाला मी दुसरे स्थान देईन, साठच्या दशकाच्या उत्तरार्धाच्या आणि सत्तरच्या दशकाच्या निःसंशय वर.

माझ्या पिढीने दिलीपकुमार यांना आधी बाप म्हणून पाहिले. 'क्रांती', 'विधाता', 'कर्मा' हे चित्रपट आमच्या बालपणीचे. 'अंदाज' आणि 'देवदास' पुष्कळ नंतर, जाणत्या वयात पाहिले. त्यामुळे ऐंशीच्या दशकाकडे उतरणीचा काळ म्हणून पाहण्याची सवय मला कधी लागली नाही. पुढे त्यांचे बहुतेक चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने पुन्हा पाहिले, तेव्हा माझी काही मते बदलली, काही पक्की झाली.

पहिली गोष्ट अशी की दशकांची कॅलेंडरप्रमाणे केलेली विभागणी या नटाला नीट लागू पडत नाही. 'मुगल-ए-आझम' प्रदर्शित झाला ऑगस्ट 1960 मध्ये, पण त्याचे चित्रीकरण पन्नासच्या दशकात वर्षानुवर्षे चालले होते. 'कोहिनूर' 1960 चा आणि 'गंगा जमना' 1961 चा, पण दोन्ही चित्रपट मनोवृत्तीने आधीच्या वर्षांशी जोडलेले आहेत. दुसऱ्या टोकाला मेहबूब यांचा 'अंदाज' 1949 चा आहे, आणि पुढच्या दशकात ज्या संयमाची एवढी प्रशंसा झाली तो तेथेच पूर्णपणे दिसतो. म्हणून मी 'पन्नासचे दशक' म्हणतो तेव्हा 1949 ते 1961 हा सलग कालखंड माझ्या मनात असतो.

या कालखंडाचे मोठेपण त्यांच्या शोकात्म भूमिकांत आहे असे सर्रास सांगितले जाते. 'बाबुल', 'दीदार', 'दाग', 'देवदास' अशी नावे घेतली जातात आणि 'ट्रॅजेडी किंग' ही पदवी पुढे केली जाते. मला ही पदवी त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते. एकट्या 1955 या वर्षाकडे पाहा. त्या वर्षी बिमल रॉय यांचा 'देवदास' आला आणि त्याच वर्षी 'आझाद' हा वेषांतरांनी आणि मिश्किलपणाने भरलेला, आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीताने गाजलेला चित्रपटही आला. सतत मरणाऱ्या आणि झुरणाऱ्या भूमिका केल्याने मनावर परिणाम होऊ लागला, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाने हलक्याफुलक्या भूमिका करण्याचा सल्ला दिला, हे दिलीपकुमार यांनी स्वतःच सांगितलेले आहे. 'देवदास' आणि 'आझाद' या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. एकाच वर्षी स्वतःला संपवत नेणारा देवदास आणि खोड्या काढणारा आझाद उभा करताना एकाची सावलीही दुसऱ्यावर पडू न देणे, ही माझ्या मते त्या कालखंडाची खरी कमाई आहे. त्यात 'अमर'मधील वकिलाची भर घाला, जो नायक असूनही गुन्हेगार आहे आणि आपल्या अपराधाची कबुली देण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही. 'नया दौर'मधील टांगेवाला घाला. एवढा विस्तार त्यांना पुढे कोणत्याही दहा वर्षांत साधला नाही.

एकाच दिग्दर्शकाकडे वेगवेगळ्या टप्प्यांवर केलेले काम शेजारी ठेवून पाहिले की नटाची वाढ स्पष्ट दिसते. नितीन बोस यांनी त्यांना 'मिलन' (1946), 'दीदार' (1951) आणि 'गंगा जमना' (1961) या तीन चित्रपटांत दिग्दर्शित केले. 'मिलन'मधील तरुण नट सावध आहे. पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलाने चूक होऊ नये म्हणून आवाज खाली ठेवावा, तसा त्याचा आवाज आहे. 'दीदार'मधील आंधळ्या गायकाच्या भूमिकेत तोच हळू आवाज ऐकणाऱ्याला जवळ ओढून घेतो. आणि 'गंगा जमना'मध्ये हा नट अवधी वळणाची बोली बोलत, धोतर नेसलेल्या गावकऱ्याच्या अंगाने चालतो, भांडतो, पळतो आणि अखेरीस मरतो, तेव्हा हाच मनुष्य 'देवदास'मध्ये होता हे विसरायला होते. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे शिखर हेच आहे. दोन वर्षांच्या आत त्यांनी 'मुगल-ए-आझम'मधील सलीमचा राजबिंडा संयम आणि गंगाचा रांगडा संताप असे दोन्ही पडद्यावर आणले, हे मला आजही थक्क करते.

सलीमबद्दल काही जणांची तक्रार असते की पृथ्वीराज कपूर यांच्या गडगडत्या अकबरापुढे तो फिका पडतो. मला ते उलटे दिसते. बाप ज्या पट्टीत बोलतो त्या पट्टीत मुलगा उत्तर देत नाही, आणि त्याचे बंड त्या न चढणाऱ्या आवाजातच आहे. दोघेही गर्जले असते तर चित्रपट तासाभरात थकला असता.

आता 1962 नंतरची वर्षे. व्यावसायिक अपयशाला मी येथे प्रमाण मानत नाही. 'लीडर' (1964) चालला नाही, तरी त्यातील अभिनयासाठी त्यांना पुरस्कार मिळालाच, आणि 'राम और श्याम' (1967) तर प्रचंड चालला. अडचण दुसरीकडे होती. एमिली ब्राँटे यांच्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीच्या धाग्यावरचा 'आरजू' त्यांनी 1950 मध्ये केला, त्या वेळी ते सत्ताविशीत होते. त्याच कादंबरीवर बेतलेला 'दिल दिया दर्द लिया' त्यांनी 1966 मध्ये केला, त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस होते. पहिल्या चित्रपटात प्रेमिकाचा उद्वेग त्या वयाचाच आहे. दुसऱ्यात तो आठवून केलेला वाटतो. 'गोपी'मध्ये तर सत्तेचाळीसाव्या वर्षी ते खोडकर धाकट्या भावाचे काम करतात. शिवाय 'राम और श्याम'नंतर 'दास्तान'मध्ये दुहेरी भूमिका आली आणि 'बैराग'मध्ये (1976) तिहेरी. पडद्यावर दिलीपकुमार जितके वाढत गेले, तितका त्यांच्यासमोर तोलामोलाचा माणूस उरला नाही; आणि हा नट समोरच्याचे ऐकताना सर्वांत मोठा असतो, असे माझे ठाम मत आहे. 'संघर्ष'मध्ये बलराज साहनी आणि संजीवकुमार समोर आहेत, तेथे तेज परत येते ते याचमुळे. तपन सिन्हा यांच्या 'सगीना'मधील कामगार पुढारी हा मात्र सत्तरच्या दशकातील खरा अपवाद आहे आणि तो फार कमी लोकांनी पाहिला आहे.

'बैराग'नंतर पाच वर्षे त्यांचा एकही चित्रपट आला नाही. 1981 मध्ये 'क्रांती'तून ते परतले तेव्हा प्रेमिकाचे ओझे उतरलेले होते. ऐंशीच्या दशकातील सगळे काम मोलाचे आहे असे मी म्हणणार नाही. 'विधाता' आणि 'कर्मा' हे चित्रपट त्यांच्या दबदब्यावर उभे आहेत, आणि 'दुनिया' मला आठवतही नाही. पण 'शक्ती' (1982) आणि 'मशाल' (1984) या दोन चित्रपटांसाठी हे दशक दुसऱ्या स्थानावर बसते.

'शक्ती'त ज्या जागी पूर्वी सलीम होता तेथे अमिताभ बच्चन आहेत आणि अकबराच्या जागी दिलीपकुमार. कर्तव्यासाठी मुलाचा बळी द्यायला तयार झालेला हा पोलीस अधिकारी अकबरासारखा गर्जत नाही. बावीस वर्षांपूर्वीचा तो खालचा आवाज त्याने सोबत आणला आहे, आता त्यात थकवा मिसळला आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर बापलेक समोरासमोर येतात तो प्रसंग शब्दांवाचून होतो, आणि तो पाहताना 'अंदाज'पासूनचे त्यांचे सगळे मौन एकत्र आल्यासारखे वाटते.

'मशाल'चा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' या नाटकावर तो आधारलेला आहे. नाटकातील ध्येयनिष्ठ प्राध्यापक विद्यानंद येथे वृत्तपत्राचा संपादक झाला आहे. त्याची आजारी पत्नी, म्हणजे वहिदा रहमान, रात्री रस्त्यावर कोसळते आणि तो येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना थांबण्यासाठी विनवू लागतो. आयुष्यभर आवाज राखून बोललेला नट येथे ओरडतो. सुरुवातीला त्या हाकांत सुशिक्षित माणसाचा संकोच आहे, अनोळखी माणसाला त्रास देत असल्याची जाणीव आहे. मग गाड्यांमागून गाड्या निघून जातात, तसा एकेक थर गळून पडतो आणि शेवटी केवळ घोगरा आक्रोश उरतो. त्याच जागी सत्तरच्या दशकातील दिलीपकुमार असते तर ते पहिल्या हाकेपासूनच शिखरावर गेले असते, अशी मला शंका आहे.

'सौदागर'मध्ये (1991) 'पैगाम'नंतर बत्तीस वर्षांनी राजकुमार पुन्हा त्यांच्यासमोर आले, आणि समोर बरोबरीचा माणूस आला की ते कसे खुलतात हे पुन्हा दिसले. आपल्याला स्वतः तुलना करून पाहायची असेल, तर 'गंगा जमना' आणि 'मशाल' लागोपाठच्या दोन दिवशी पाहा, आणि तेही याच क्रमाने.