संशोधनाचे प्रश्न : अंगणवाडीत बसून काय टिपायचं?

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. ‘मुलगे मुलींपेक्षा जास्त आक्रमक असतात का’ हे लघुप्रबंधासाठी अंगणवाडीत निरीक्षण करून पाहायचं आहे. आठवडाभर कोपऱ्यात बसून दिसेल ते वहीत लिहीन आणि शेवटी मोजेन, असं ठरवलंय. मार्गदर्शक म्हणतात, याला आराखडा म्हणत नाहीत. मॅडम, कमी काय पडतंय?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : प्रश्नावल्या वाटून केलेले लघुप्रबंध मी वर्षानुवर्षं तपासले. मुलांमध्ये जाऊन बसायला तयार असलेलं कुणी भेटलं की मला मनापासून आनंद होतो. म्हणूनच सांगते, वही एवढ्यात उघडू नका.

आधी ‘आक्रमक’ कशाला म्हणायचं ते लिहून काढा. मारणं, ढकलणं, चावणं, खेळणं हिसकावणं एवढंच मोजलंत, तर मुलगेच पुढे दिसण्याची शक्यता जास्त. पण तिघी मिळून चौथीला ‘तुझ्याशी कट्टी, तुला खेळायला घेणार नाही’ म्हणतात, ते कुठे धरणार? निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये शाळकरी मुलांमध्ये नेमकी हीच, मैत्री तोडून दुखावण्याची वागणूक मोजली. त्यात मुली पुढे निघाल्या. तुमच्या व्याख्येत कट्टी नसेल, तर निष्कर्ष अंगणवाडीत पाऊल टाकण्याआधीच ठरून गेलेला असेल. खोट्या कुस्तीचं याच्या उलट. चेहरे हसरे असतात, वरचा खाली आणि खालचा वर होत राहतो, आणि कुस्ती संपल्यावरही दोघं एकत्रच खेळतात. ती भांडणात धरू नका. नोंद कृतीचीच हवी. ‘रागाने ढकललं’ यातला राग तुमचा अंदाज आहे. ‘दोन्ही हातांनी ढकललं, दुसरा रडला’ एवढंच तुम्ही पाहिलंत.

‘दिसेल ते’ लिहायचं म्हटलं की नजर आरडाओरडा करणाऱ्यांकडे जाते आणि दाराशी गप्प बसलेलं पोर वहीत येतच नाही. केनियात अंबोसेलीला बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ च्या लेखात एका वेळी एकावरच ठरावीक वेळ लक्ष ठेवण्याची पद्धत नीट मांडली. त्याच्या कितीतरी आधी, १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिल्ड्रेड पार्टन यांनी मिनेसोटातल्या बालशाळेत मुक्त खेळाच्या वेळी एकेका मुलाला एकेक मिनिट पाहिलं होतं. तुम्ही चिठ्ठ्या टाकून मुलांचा क्रम ठरवा आणि तो रोज बदला. खाऊच्या आधीची वेळही घ्या, नंतरचीही. भुकेलं मूल वेगळं वागतं. भांडण सतत होत नाही, म्हणून मिनिटाऐवजी पाच मिनिटं पाहा. आठवडा मात्र पुरणार नाही. सुरुवातीचे दिवस मुलं तुमच्याकडेच बघत राहतील, त्या नोंदी मोजणीत घेऊ नका.

सोबत एक मैत्रीण न्या आणि तिला तुमचं गृहीतक सांगू नका. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींचं न पाहता नोंदी करायच्या. दोघींच्या नोंदी किती टक्के जुळल्या, एवढ्यावरच बरेच जण समाधान मानतात, ते मला पटत नाही. समजा, १०० नोंदींपैकी दोघींनीही १०-१० ठिकाणी ‘आक्रमक’ अशी खूण केली, पण त्यातल्या ५ च सारख्या आल्या. दोघींनीही खूण न केलेल्या ८५ नोंदी धरून जुळणी ९० टक्के दिसते. पण नुसत्या योगायोगानेही ८२ टक्के जुळलंच असतं! योगायोगाची जुळणी वगळून मोजणारा जेकब कोहेन यांचा ‘कप्पा’ (kappa) हा आकडा काढलात, तर तो ०.४४ भरतो (पूर्ण जुळणी म्हणजे १), म्हणजे कमीच. असं झालं तर मैत्रिणीला दोष न देता व्याख्या पुन्हा तपासा.

परवानगीसाठी सेविकाताईंचा तोंडी होकार पुरत नाही. बालविकास प्रकल्प कार्यालय आणि तुमच्या विद्यापीठाची नैतिकता समिती, दोन्हींकडून लेखी मान्यता घ्या. पालकांना संमतीपत्र मराठीतून वाचून दाखवा, मगच सही मागा. वहीत नावांऐवजी क्रमांक लिहा. आणि एखादं मूल दुसऱ्याला खरोखर इजा करू लागलं, तर पेन खाली ठेवून ताईंना हाक मारायची, हेही आराखड्यात लिहा.